लसणाच्या मुळातलं सूत्री विभाजन : इंदूरच्या थंडीतल्या प्रकल्प नोंदी

काम असं : नववी ते बारावीच्या मुलांना लसणाच्या मुळाच्या टोकात चालणाऱ्या सूत्री विभाजनाच्या (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होण्याच्या) चारही अवस्था, म्हणजे प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज आणि टेलोफेज, ताज्या स्लाइडवर दाखवायच्या, आणि ती स्लाइड घरच्या ओट्यावर तयार झालेली हवी. जागा इंदूर, महिना डिसेंबर. सूक्ष्मदर्शक साधा, विद्यार्थ्यांचा, १० पट आणि ४० पट वस्तुभिंगांचा. तेल लावून पाहायचं १०० पट भिंग नव्हतं आणि त्यावाचून काही अडलं नाही. पुढच्या नोंदी हेच काम हाती घेणाऱ्यांसाठी आहेत. अवस्थांची व्याख्या पुस्तकात आहेच, त्यामुळे इथे भर आहे तो काय बिघडलं आणि कशाने सुधारलं यावर.

१ डिसेंबर : खरेदी

पाव किलो लसूण चोइथराम मंडीतून. पुस्तकात कांदा असतो, तरी लसूण घेतला. दोन्हींत गुणसूत्रं (केंद्रकातले आनुवंशिक धागे) १६ आणि दोन्हींची चांगली मोठी, ४० पट भिंगाखाली सहज दिसणारी. पण कांदा सडला की अख्खा नमुना जातो. लसणाची प्रत्येक पाकळी स्वतंत्र, एक कुजली तर ती तेवढी काढून टाकायची. मंदसौर, नीमच, रतलामकडचा लसूण इथे कधीही मिळतो आणि डिसेंबरपर्यंत त्याची सुप्तावस्था संपलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नुकताच काढलेला नवा लसूण या कामाला घेऊ नका, त्याला मुळं फुटायला फार वेळ लागतो.

निवडताना गड्डा उलटा करून पाहायचा. तळाशी वाळलेल्या मुळांचा झुबका हवा. काही लसूण तळ खरवडून अगदी गुळगुळीत केलेला येतो. दिसायला देखणा, पण मुळं त्या तळाच्या चकतीतूनच फुटतात, म्हणून तो इथे निरुपयोगी.

बाकी सामान दवा बाजारातून आणि प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडून. अंदाजे खर्च : ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड अर्धा लिटर ३०० रुपये, आयसोप्रोपिल अल्कोहोल ९९ टक्क्यांचं अर्धा लिटर २०० रुपये, प्रयोगशाळेच्या दर्जाचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड २०० रुपये, स्लाइडींचा डबा १००, कव्हरस्लिप ८०, थर्मामीटर १५०. शिवाय कार्मिनची पूड, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे. इथिल अल्कोहोल सुटं मिळवायला परवान्याची कटकट असते, म्हणून आयसोप्रोपिल. काम चांगलं भागतं. संडास धुवायचं पिवळट अ‍ॅसिड स्वस्त पडतं, पण त्यात लोह आणि बाकी मळ असतो आणि त्याची तीव्रता कुणालाच सांगता येत नाही. ते वापरू नये.

२ डिसेंबर : पाकळ्या लावल्या, द्रावणं केली

पाकळ्यांचं साल काढलं, तळाची जुनी वाळकी मुळं नखाने हलकेच खुडली. चकतीला ब्लेड लावायचं नाही. थर्मोकोलच्या पातळ पत्र्याला भोकं पाडून पाकळ्या अडकवल्या आणि पत्रा पाण्यावर तरंगत ठेवला. पाणी फक्त चकतीला लागेल एवढंच. पाकळी अर्धी बुडाली की बुळबुळीत होते आणि दोन दिवसांत वास मारते.

नर्मदेचं नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं येतं, म्हणून ते रात्रभर उघडं ठेवून वापरलं.

अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची बाटली सकाळी घट्ट गोठलेली मिळाली. माल खराब निघाला असं समजून परत करायला धावू नका. शुद्ध अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड १६.६ अंश सेल्सिअसला गोठतं आणि इंदूरची डिसेंबरातली रात्र त्याहून बरीच थंड असते. झाकण किंचित सैल करून बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली, अर्ध्या तासात पातळ झालं. शेगडीजवळ न्यायचं नाही, त्याच्या वाफा पेट घेतात. पूर्ण वितळल्याशिवाय मोजून घ्यायचं नाही, कारण अर्धवट गोठलेल्या बाटलीतून आधी बाहेर येतो तो जास्त पाणी असलेला भाग.

स्थिरीकरणाचं द्रावण (कापलेल्या मुळातल्या पेशी आहेत त्या अवस्थेत थांबवून टिकवणारं) : अल्कोहोल ३ भाग, ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड १ भाग. हे आधी करून ठेवायचं नाही. अल्कोहोल आणि अ‍ॅसिड एकमेकांत मुरून एस्टर तयार होतं, गोडसर वास येऊ लागतो आणि द्रावणाचा जोर जातो. मुळं कापायच्या दिवशीच करावं.

एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड : मुळातल्या पेशी एकमेकींपासून सुट्या करायला हे लागतं. बाटली ३५ टक्क्यांची, म्हणजे सुमारे ११.३ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं माप). ८० मिली डिस्टिल्ड पाण्यात ८.८ मिली अ‍ॅसिड हळूहळू सोडून पाण्याने १०० मिलीपर्यंत भरलं. अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. हे काम मोठ्यांनीच करायचं, चष्मा आणि हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून.

अ‍ॅसिटोकार्मिन : ४५ मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, ५५ मिली डिस्टिल्ड पाणी, १ ग्रॅम कार्मिन. केंद्रकं आणि गुणसूत्रं लाल रंगवणारं द्रावण ते हेच. चंबूच्या तोंडावर काचेचं नरसाळं ठेवून मंद आचेवर पाऊण तास. नरसाळ्याला वाफ लागून परत खाली ठिबकते, नाहीतर अ‍ॅसिड उडून जातं आणि प्रमाण बदलतं. थंड झाल्यावर टिपकागदातून दोनदा गाळून तपकिरी बाटलीत.

५ डिसेंबर : मुळं खुंटली

मुळं २-३ मिलिमीटरवर थांबलेली, टोकं तपकिरी, काही आकड्यासारखी वळलेली. एक-दोन पाकळ्यांचं असं झालं असतं तर लसणाला दोष देता आला असता. इथे सगळ्याच पाकळ्यांचं झालं होतं, म्हणजे गोम पाण्यात होती.

पाणी रात्रभर उघडं ठेवलं होतं ते तांब्याच्या कळशीत. पिण्याला ते पाणी चांगलं मानतात, पण कांदा-लसणाच्या मुळाग्राला तांब्याचा अंशही फार जाचतो. वाढ थांबते, विभाजन मंदावतं, आणि जे होतं त्यातही गुणसूत्रं चिकटलेली, मागे रेंगाळलेली दिसतात. पाण्यातले विषारी धातू ओळखण्यासाठी कांद्याची मुळं मुद्दाम वापरतात ती याच गुणामुळे.

पाकळ्या टाकून दिल्या. नव्या पाकळ्या, पाणी स्टीलच्या पातेल्यात उघडं ठेवलेलं, दिवसातून एकदा बदलायचं. तीन दिवस गेले. पितळेचं भांडंही टाळावं, त्यातही तांबं असतंच.

९ डिसेंबर : पहिली कापणी

मुळं दीड सेंटिमीटर झाली. एवढी लांबी योग्य. चार-पाच सेंटिमीटर झालेल्या मुळांत विभाजन कमी सापडतं. मात्र दीड सेंटिमीटरला चार दिवस लागले आणि लसणासाठी हे सावकाश आहे. बिघाडाची पहिली खूण हीच होती.

सकाळी साडेआठला टोकाकडचा एक सेंटिमीटर कापून थेट द्रावणात टाकला. कापलेलं मूळ टेबलावर मिनिटभरही ठेवायचं नाही, टोक लगेच सुकतं. द्रावण मुळांच्या निदान वीसपट हवं. झाकण घट्ट, २४ तास.

१० डिसेंबर : सगळं गुलाबी

मुळं ६० अंशांच्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये ८ मिनिटं, मग पाण्याने धुऊन अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये अर्धा तास. स्लाइडवर पेशी सुट्या झाल्या, पण पेशीद्रव्य, भित्तिका, केंद्रक सगळं एकाच गुलाबी रंगाचं.

दोष पुडीचा. कार्मिन म्हणून स्वस्तात मिळालेली ती पूड कुठलातरी खाद्यरंग होती. ओळखायची रीत सोपी आहे. चिमूटभर पूड थंड पाण्यात टाका. खरं कार्मिन थंड पाण्यात नीट विरघळत नाही, बरंचसं तळाशी बसतं. टाकताक्षणी सगळं पाणी लालभडक झालं तर ते कार्मिन नव्हे. खरं कार्मिन कोचिनील किड्यांपासून करतात आणि ते महागच असतं : ५ ग्रॅमला हजार रुपयांच्या आसपास. सगळ्या खर्चात सर्वांत मोठी रक्कम हीच, आणि काटकसर करू नये अशी जागाही हीच. १ ग्रॅममध्ये १०० मिली होतं आणि एका मुळाला दोन-चार थेंब लागतात, म्हणजे ते दीर्घकाळ पुरतं.

नवी पूड आणून द्रावण पुन्हा केलं.

१२ डिसेंबर : रंग सुरेख, विभाजन नाही

९ तारखेचीच मुळं, नवा रंग. केंद्रकं गडद लाल, पेशीद्रव्य जवळजवळ रंगहीन. अगदी हवं तसं. पण सगळी केंद्रकं गोल, दाणेदार, शांत. क्षेत्रामागून क्षेत्र (भिंगाखाली एका वेळी दिसणारा भाग) सरकवलं तरी एखादाच प्रोफेज, मेटाफेज तर नाहीच.

इथे बहुतेक जण रंग बदलतात, अ‍ॅसिडची वेळ वाढवतात, पुन्हा चेचतात. त्याने काहीही होत नाही. केंद्रक लाल आणि भोवती स्वच्छ असेल तर रंगाने आपलं काम चोख केलेलं आहे. रंग फक्त दाखवतो. विभाजन मूळ कापण्याच्या क्षणी पेशीत नसेल, तर ते पुढे कुठल्याही रसायनाने आणता येत नाही. या प्रयोगाचं यश पाणी, तापमान आणि कापण्याची वेळ यांत ठरतं, आणि शिव्या मात्र कार्मिनला बसतात.

मुळं ठेवली होती त्या खोलीत पहाटे थर्मामीटर १२ अंश दाखवत होता. थंडीत पेशीचक्र (एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतची फेरी) फार मंदावतं. रात्रभर गारठलेली मुळं सकाळी साडेआठला कापली, म्हणजे सर्वांत मंद वेळच साधली गेली. पुस्तकात सकाळी ८ ते १० ही वेळ देतात. जिथे रात्र उबदार असते तिथे ती ठीक आहे. इंदूर किंवा ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात ती डोळे झाकून पाळू नये.

१३ डिसेंबर : उबेची सोय

आधी थर्मोकोलच्या खोक्यात दिवा लावून पाहिला. हल्लीचे एलईडी दिवे तापतच नाहीत, जुना तारेचा बल्ब मिळणं कठीण. गरम पाण्याच्या बाटल्या खोक्यात ठेवल्या तर दोन तास ३२ अंश आणि पहाटे पुन्हा १५. हा चढउतार नुसत्या थंडीइतकाच वाईट.

शेवटी माशांच्या टाकीला लावतात तो २५ वॅटचा हीटर आणला, सुमारे ३०० रुपये, आतच तापमान राखणारा. टबात पाणी, त्यात हीटर पूर्ण बुडालेला आणि २४ अंशांवर लावलेला, आणि पाकळ्यांचे काचेचे पेले त्या पाण्यात उभे. वर खोक्याचं झाकण अर्धवट, हवा खेळती राहील असं. पाण्यात हात घालण्याआधी हीटरची पिन काढायची, दरवेळी.

२४ अंशांवर लसणाला दुसऱ्याच दिवशी मुळांची पांढरी टोकं आली. थंडीतून उबेत आणलेली मुळं लगेच कापू नयेत. या तापमानाला पेशीचक्राच्या एका फेरीला साधारण पाऊण दिवस लागतो, म्हणून निदान एक पूर्ण दिवस स्थिर तापमानात काढू द्यावा.

१६ डिसेंबर : दुसरी कापणी

मुळं दीड-पावणेदोन सेंटिमीटर, टोकं टवटवीत, किंचित पिवळसर. काही सकाळी नऊला कापली, काही दुपारी, काही संध्याकाळी, वेगवेगळ्या बाटल्यांत, चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहून. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि सगळ्या बाटल्या अनामिक होतात.

१७ डिसेंबर : अ‍ॅसिडची वेळ

तिन्ही बाटल्यांत विभाजन भरपूर. तापमान स्थिर ठेवल्यावर घड्याळाने फार फरक पडला नाही.

आता अडचण वेगळी : काही मुळांच्या पेशी एकावर एक चिकटलेल्या, काही मुळं चिमट्यात धरताच विरघळून गेलेली. कारण तापमान नीट न राखणं. ओट्यावर वाटीत ६० अंशांचं पाणी ठेवलं तर दहा मिनिटांत ते पार खाली येतं. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ६२ अंशांचं पाणी भरलं, त्यात परीक्षानळी उभी केली. अ‍ॅसिड आधी नळीत पाच मिनिटं तापू दिलं, मग मुळं टाकली आणि वेळ तिथून मोजली. थंड अ‍ॅसिडमध्ये मुळं टाकून घड्याळ लावलं तर अर्धा वेळ अ‍ॅसिड तापण्यातच जातो.

लसणाला ७ मिनिटं पुरली. ५ मिनिटांत पेशी सुटत नाहीत, १२ मिनिटांनंतर मूळ लिबलिबीत होतं आणि रंगही फिका धरतो.

अ‍ॅसिडनंतर डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुणं टाळू नये. मुळात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड उरलं की कार्मिन नीट चढत नाही.

काही शाळांत वॉच ग्लासमध्ये ९ थेंब अ‍ॅसिटोकार्मिन आणि १ थेंब नॉर्मल अ‍ॅसिड घालून, मुळं टाकून, दिव्यावर वाफ येईपर्यंत ऊब देतात. वेळ वाचतो, पण एकाच वॉच ग्लासमधली दोन मुळं वेगवेगळी निघतात. मुलांसमोर करून दाखवायला ही रीत चालेल, मोजणीसाठी नको.

१८ डिसेंबर : चेचणं

सर्वांत जास्त स्लाइडी इथे वाया जातात, म्हणून सविस्तर.

रंगलेल्या मुळाचं अगदी टोकाचं एक-दीड मिलिमीटर सर्वांत गडद दिसतं. विभागत राहणाऱ्या पेशींची विभाजी ऊती तीच. तेवढंच ठेवायचं, बाकी मूळ ब्लेडने कापून स्लाइडवरून काढून टाकायचं. कापायला हात धजत नाही म्हणून तीन-चार मिलिमीटर ठेवलं तर वरच्या लांबट, विभाजन थांबलेल्या पेशी कव्हरस्लिप उचलून धरतात आणि कामाच्या पेशी पसरतच नाहीत. टोकावरची मूलटोपी सुईने ओढून काढली तर उत्तम.

४५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा एक छोटा थेंब. थेंब मोठा झाला तर दाबताना पेशी कडेने वाहून जातात. दोन सुयांनी टोक कुस्करायचं, डोळ्यांना तुकडा दिसेनासा होईपर्यंत. यातली एक सुई लोखंडी, थोडी गंजलेली असावी. लोहाचा अंश मिसळला की कार्मिन गडद, जांभळट होतं. मात्र सुई सेकंदभरच फिरवायची, लोह जास्त झालं तर काळा साका पडतो आणि स्लाइड जाते. स्टीलच्या सुईने हा परिणाम मिळत नाही.

कव्हरस्लिप एका कडेने टेकवून हळू सोडायची. पेन्सिलीच्या मागच्या बाजूने मध्यापासून बाहेरच्या दिशेने हलके टिचके मारायचे. मग स्पिरिटच्या दिव्यावरून तीन-चार वेळा झर्रकन फिरवायची. स्लाइड हाताच्या पाठीला सोसेल एवढीच गरम हवी. बुडबुडे दिसले म्हणजे उकळलं, मग रंगाचे खडे धरतात. स्थिरीकरणाची बाटली दिव्याच्या खोलीतच नको.

आता टिपकागदाची दुहेरी घडी वरून ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं, पूर्ण जोर लावून. कव्हरस्लिप केसभर बाजूला सरकली तरी पेशी गुंडाळल्या जातात, गुणसूत्रं ताणली जातात आणि नसलेले दोष दिसू लागतात. दुसऱ्या हाताच्या बोटांनी कडा धरून ठेवली तर सरकत नाही. कव्हरस्लिप फुटेल या भीतीने अर्धवट दाबलेल्या स्लाइडी फुटलेल्यांपेक्षा जास्त वाया जातात.

१९ डिसेंबर : ओळखताना होणारे घोटाळे

१० पट भिंगाने आधी पूर्ण स्लाइड फिरून चांगला भाग शोधायचा, मग ४० पट.

इंटरफेजचं, म्हणजे विभाजन चालू नसलेल्या पेशीचं, केंद्रक सारख्या दाण्याचं, आत केंद्रकीचा फिकट गोल डाग. प्रोफेजचं केंद्रक लोकरीच्या गुंड्यासारखं, धागे वेगळे दिसू लागलेले. सुरुवातीचा प्रोफेज आणि इंटरफेज यांत वाद होतोच. नियम एकच ठरवा : धागा निदान थोड्या अंतरापर्यंत नजरेने धरता आला तर प्रोफेज, नाहीतर इंटरफेज. तो नियम सगळ्या स्लाइडींना लावा.

मेटाफेज बाजूने दिसला तर पेशीच्या मधोमध आडवा पट्टा. मुलांना वाटतं सगळी गुणसूत्रं रेघेसारखी सरळ रांगेत असतात. रांगेत असतात ते फक्त गुणसूत्रबिंदू (गुणसूत्राला ओढणारे तंतू जिथे धरतात ती जागा), भुजा दोन्ही बाजूंना वाट्टेल तशा लोंबतात. हीच अवस्था वरून, म्हणजे ध्रुवाच्या (गुणसूत्रं पुढे ज्या दोन टोकांकडे जातात त्यांपैकी एकाच्या) बाजूने दिसली की गुणसूत्रं चकतीसारखी गोलाकार मांडलेली दिसतात, आणि बरेच जण तिला प्रोफेज म्हणून मोजतात. केंद्रकाची कडा नाही, धागे जाड आणि आखूड, टोकं बाहेर वळलेली, तर तो मेटाफेजच.

अ‍ॅनाफेज ओळखायला सोपा, सापडायला अवघड, कारण ही अवस्था सर्वांत लवकर उरकते. दोन गट, प्रत्येकातली गुणसूत्रं इंग्रजी व्ही किंवा जे अक्षरासारखी वाकलेली, वाकलेला भाग ध्रुवाकडे, भुजा मागे फरफटणाऱ्या. ओढ गुणसूत्रबिंदूला असते, म्हणून तो पुढे.

टेलोफेजमध्ये दोन लहान गडद गोळे आणि त्यांच्यामध्ये नवी भित्तिका मधून कडांकडे वाढताना. शेजारच्या दोन इंटरफेज पेशी टेलोफेज समजणं ही नेहमीची चूक. दोन्ही केंद्रकं सारख्या आकाराची, नेहमीपेक्षा लहान, समोरासमोर आणि मधली भित्तिका अगदी बारीक असेल तरच टेलोफेज मोजा. प्राण्यांच्या पेशीसारखी बाहेरून आत येणारी खाच इथे शोधू नका. वनस्पतीच्या पेशीला कडक भित्तिका आहे, तिथे खाच पडत नाही.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगावी. पुस्तकातल्या आकृतीत ठळक काढलेले तुर्कतंतू (गुणसूत्रांना ओढणारे तंतू) या स्लाइडवर दिसणार नाहीत. कार्मिन गुणसूत्रांना चढतं, तंतूंना नाही. तारककेंद्रही (प्राण्यांच्या पेशीत हे तंतू जिथून निघतात ते) दिसणार नाही, कारण लसणाच्या पेशीत ते नसतंच. हे न सांगितल्यास हुशार मूल तासभर तुर्कतंतू शोधत बसतं आणि आपली स्लाइड बिघडली असं समजतं.

२० डिसेंबर : मोजणी

क्षेत्रं नागमोडी क्रमाने घ्यायची, एका क्षेत्रातल्या सगळ्या पेशी मोजायच्या. अ‍ॅनाफेज दिसला म्हणून तिथे थांबायचं नाही, नाहीतर आकडा फुगतो. निदान हजार पेशी, वेगवेगळ्या पाकळ्यांच्या निदान तीन मुळांतून. एकाने पाहायचं, दुसऱ्याने वहीत रेघा मारायच्या. एकट्याने दोन्ही केलं की जागा चुकते.

विभाजनातल्या पेशी भागिले एकूण पेशी गुणिले १००, हा विभाजन निर्देशांक. अवस्थेला लागणारा वेळही काढता येतो. समजा हजारांत ५० प्रोफेज मिळाले आणि चक्र १८ तासांचं, म्हणजे १०८० मिनिटांचं धरलं, तर प्रोफेजला ५४ मिनिटं. ६ अ‍ॅनाफेज मिळाले तर साडेसहा मिनिटांच्या आसपास. हा हिशेब ढोबळच आहे. पेशी आपापल्या वेळेने विभागत असतील आणि सगळ्या चक्रात असतील, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. मुळाच्या टोकात ते पूर्ण खरं नसतं. तरीही अवस्थांचा क्रम बरोबर येतो : प्रोफेज सर्वांत लांब, अ‍ॅनाफेज सर्वांत छोटा. अ‍ॅनाफेज प्रोफेजपेक्षा जास्त भरले तर मोजणी निवडक झाली आहे, पुन्हा करा.

२२ डिसेंबर : १६ मोजण्यासाठी वेगळी खेप

साध्या मेटाफेजमध्ये गुणसूत्रं इतकी लांब आणि गुंतलेली की १६ मोजता येत नाहीत. गुणसूत्रं आखडवून सुटी करायला वापरतात ते कॉल्चिसिन विषारी आहे, घरात आणू नये. बर्फाचं पाणी पुरतं. मुळं फुटलेल्या पाकळ्या बर्फ घातलेल्या पाण्याच्या थर्मासमध्ये २४ तास, तापमान ० ते ४ अंश, बर्फ वितळला की पुन्हा घालायचा. थंडीत तुर्कतंतू मोडतात, पेशी मेटाफेजला अडकतात आणि गुणसूत्रं आखडून जाड होतात. थर्मासमधून काढल्याबरोबर कापून स्थिरीकरण, ऊब लागू द्यायची नाही, नाहीतर तंतू पुन्हा जुळतात.

स्लाइडवर गुणसूत्रं सुटी, जाड, मोजता येण्याजोगी. पण या खेपेत अ‍ॅनाफेज दिसत नाही आणि विभाजन निर्देशांकही काढू नये, अडकवलेल्या पेशींमुळे तो खोटा येतो. अवस्थांसाठी एक खेप, संख्येसाठी दुसरी. एकाच स्लाइडवर दोन्ही दाखवायचा हट्ट धरू नये.

२४ डिसेंबर : फोटो, जतन, निचरा

फोनने फोटो नेत्रिकेवरून. दिव्यावर हिरवा जिलेटिन कागद ठेवला की लाल गुणसूत्रं जवळजवळ काळी उठून दिसतात. हा दोन रुपयांचा कागद नसता तर अर्धे फोटो फिके आले असते. प्रकाशरंध्र थोडं मिटलेलं ठेवायचं.

कव्हरस्लिपच्या कडा कोरड्या टिपून नेलपॉलिशचे दोन हात. कडा ओली असेल तर नेलपॉलिश आत ओढलं जातं. अशी स्लाइड आडवी ठेवल्यास आठवडाभर चांगली राहते, पुढे रंग पसरतो आणि कडेने हवा शिरते. म्हणून स्लाइडी जपण्याऐवजी मुळंच जपावीत. २४ तासांच्या स्थिरीकरणानंतर ती ७० टक्के अल्कोहोलमध्ये (७० मिली आयसोप्रोपिल, ३० मिली पाणी) फ्रिजमध्ये अनेक महिने टिकतात, आणि कार्यक्रमाच्या दिवशी अ‍ॅसिडपासून पुढचं काम दीड तासात होतं. स्थिरीकरणाच्या द्रावणातच आठवडे ठेवली तर कडक होतात आणि चेचली जात नाहीत.

वापरलेल्या अ‍ॅसिडमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत खायचा सोडा घातला, मग भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडलं. स्थिरीकरणाचं उरलेलं द्रावण पेट घेणारं असतं, ते आधी खूप पाण्यात पातळ केलं, मग त्यातही सोडा, आणि हे सगळं शेगडी बंद असताना. मुलांच्या हाती द्यायचं ते रंगवलेलं, धुतलेलं मूळ, ४५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडची ड्रॉपर-बाटली आणि दोन सुया. कापणं आणि दाबणं त्यांनीच करावं, संपूर्ण ताकदीने.